पेढीवरून पाठ्यपुस्तकात : धाराशिव जिल्ह्यातील व्यवहारशिक्षणाचा मागोवा

शाळा केव्हा निघाली, इमारत कोणाच्या देणगीतून उभी राहिली, गावातून पहिला मॅट्रिक कोण झाला, याच्या नोंदी आपल्याकडे बहुधा सापडतात. परंतु खरेदी-विक्री, नफा-तोटा, व्याज आणि उधारी यांचे पहिले धडे मुलांना कोठे मिळाले, कोणी दिले आणि कोणाला मिळालेच नाहीत, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. धाराशिव जिल्ह्यात तर तो आवर्जून विचारावा असा आहे. कारण या भूमीला व्यापाराची ओळख दोन हजार वर्षांची आहे आणि येथील बहुसंख्य मुलांना व्यापाराच्या हिशेबाची ओळख मात्र अगदी अलीकडची.

तेरणेच्या काठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे मत जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले आणि ते आज सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख येतो. तेथून जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या काळच्या वैभवाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. एवढा माल एवढ्या अंतरावर पाठवायचा म्हणजे गाडीभाडे, जकात, वाटेतील तूट आणि भागीदाराचा वाटा यांचा हिशेब आलाच. तो कोणीतरी कोणाला तरी शिकवीत असला पाहिजे. कसे शिकवीत, हे सांगणारा कागद मात्र तेरच्या मातीत टिकलेला नाही.

तसा लेखी पुरावा मिळतो तो पुढच्या काळातला, आणि तोही याच परिसराशी नाते सांगणारा. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे शेजारचे लातूर. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, हीदेखील येथून फार दूर नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यातील मिश्रक-व्यवहार हे प्रकरण पाहिले तर एखाद्या वाणिज्य विद्यालयाचा अभ्यासक्रम वाचल्यासारखे वाटते. मुद्दल आणि व्याज वेगळे कसे करावे, निरनिराळे भांडवल घालणाऱ्या भागीदारांत नफा कसा वाटावा, भिन्न कसाचे सोने एकत्र केल्यावर मिश्रणाचा कस किती येईल, असे प्रश्न त्यात आहेत. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. अकराशे वर्षांपूर्वी एका आचार्यांना व्याजाचे आणि भागीदारीचे गणित शास्त्रात बसविण्याजोगे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ग्रंथातले गणित पंडितांपाशी राहिले. बाजारातले गणित राहिले पेढीवर.

पेढीवरचे शिक्षण कसे होते, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण ते आता जवळजवळ नामशेष झाले आहे. व्यापाऱ्याचा मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की वडिलांच्या किंवा मुनिमाच्या शेजारी गादीवर बसे. त्याला धुळाक्षरे येत नसली तरी चाले, पाढे मात्र यावेच लागत. आणि ते नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे त्याच्या जिभेवर चढविले जात. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मणाचे चाळीस शेर, या उतरंडीत पावकी-निमकी ही चैन नव्हती. 'सव्वातीन आणे शेराप्रमाणे अडीच शेर' हा हिशेब गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तोंडी व्हायलाच हवा होता.

त्यानंतर मोडी अक्षर आणि वही. लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत रकाने आखले जात नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडले जात आणि त्या सळांच्या आधाराने रकमा मांडल्या जात. डाव्या बाजूस जमा आणि उजव्या बाजूस नावे, ही देशी रीत होती. शाळेत इंग्रजी पद्धतीचे पुस्तपालन शिकू लागलेल्या पेढीवरच्या मुलाला पहिला धक्का बसे तो येथेच, कारण त्या पद्धतीत नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे! रोजकीर्दीत दिवसाची प्रत्येक देवघेव क्रमाने लिहायची, तिच्यावरून खतावणीत प्रत्येक आसामीच्या खाती रक्कम न्यायची आणि रात्री पेटीतली रोकड कीर्दीच्या शिल्लकेशी मिळवायची. पै-दोन पैचा फरक आला तरी तो शोधायचा. पै महत्त्वाची नव्हती, चूक कोठे आहे हे कळणे महत्त्वाचे होते. आजच्या लेखापरीक्षणाचे मर्म याहून निराळे नाही.

या शिक्षणाचा आणखी एक भाग होता, आणि तो गुप्त होता. गिऱ्हाइकासमोर दुकानदार आणि दलाल एकमेकांशी ज्या सांकेतिक बोलीत आकडे बोलत तिला नंदभाषा म्हणत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. ही बोली बरीच जुनी आहे. ज्यांची समाधी शेजारच्या बार्शीत आहे त्या विसोबा खेचरांच्या नावावरील एका अभंगात शंकराचे वर्णनच या आकड्यांनी केलेले आढळते. भाव ठरविताना उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगण्याची रीतही अशीच. शेतकरी समोर उभा असे, माल त्याचा असे, आणि त्याच्या मालाचा भाव त्याला न कळणाऱ्या भाषेत ठरत असे. पेढीवरच्या शिक्षणाचे कौतुक करताना ही गोष्ट विसरता येत नाही. ते शिक्षण जितके पक्के होते तितकेच ते बंद होते. घराण्याबाहेर, फार तर जातीबाहेर, ते जात नसे. घरातल्या मुलींनाही ते रीतीने दिले जात नसे.

अज्ञानाची किंमत काय होती, हे समजण्यासाठी निजामी अंमलातील चलनाकडे पाहावे. हा जिल्हा १८५३ ते १८६० ही थोडी वर्षे इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. तेवढा काळ सोडला तर १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात हाली सिक्का चाले, तर शेजारच्या इंग्रजी मुलखात कलदार रुपया. या दोन्ही रुपयांची किंमत सारखी नव्हती. शंभर कलदार रुपये म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा दर होता. सोप्या भाषेत, सहा कलदार म्हणजे सात हाली. आता भूगोल पाहा. बार्शी तालुका इंग्रजी सोलापूर जिल्ह्यात, आणि त्याच्या बहुतेक सर्व बाजूंनी निजामाचा मुलूख. कळंब, भूम, परंडा, धाराशिव या भागांतील माल बार्शीच्या पेठेत जाई. तेथे साठ रुपये कलदारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला गावी परतल्यावर सत्तर रुपये हाली मिळावयास हवेत. ज्याला हे त्रैराशिक येत नव्हते त्याच्या हाती साठच ठेवले तरी त्याला काही गमावल्याचे कळणार नव्हते. दहा रुपये म्हणजे त्या काळी थोडी रक्कम नव्हे. त्यात भर म्हणून वर्षेही तीन : सरकारी सारा फसली सनाप्रमाणे, बार्शीचा पत्रव्यवहार इसवी सनाप्रमाणे, आणि जैन व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला वीर निर्वाण संवताने सुरू होणारी. कर्जाची मुदत नेमकी कोणत्या सनाने मोजायची, हाही प्रश्नच असे.

हा प्रश्न केवळ या जिल्ह्याचा नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. चिडलेल्या माणसांनी कागदांना हात घातला, यावरून त्यांचा राग कशावर होता ते कळते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्यक कायदा झाला त्याने ऋणकोला लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. सोलापूर जिल्हा या कायद्याखाली होता. सीमेपलीकडील निजामी मुलखाला तो लागू नव्हता. आणि जेथे लागू होता तेथेही पासबुक वाचता येणारे ऋणको कितीसे होते? देवघेवीच्या व्यवसायात जे समाज होते त्यांत जैनही होते. गौरवाच्या अंकातही ही बाजू झाकण्याचे कारण नाही. प्रामाणिक पेढ्या होत्या आणि अप्रामाणिकही होत्या. परंतु समोरच्याला हिशेब वाचता येत नसेल तर प्रामाणिकपणा हा केवळ सावकाराच्या मर्जीचा भाग उरतो, आणि ही स्थिती कोणाच्याच हिताची नसते. शिवाय गावातील फार मोठा वर्ग रोख हिशेबाच्या पूर्णपणे बाहेर होता. बलुतेदारांना आणि वतनदार महार-मांगांना कामाचा मोबदला धान्याच्या रूपाने, तोही देणाऱ्याच्या हिशेबाने, मिळे. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. केलेल्या कामाला ठरलेला दाम असावा, या मागणीशी हिशेबाच्या शिक्षणाचे नाते जवळचे आहे.

याच तडवळ्याचे नाव आणखी एका संदर्भात येते. सोलापूरच्या दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि ते घरच्या पेढीवर बसले. कापूस आणि देवघेव हा घरचा धंदा होता. त्यांनी स्वतंत्रपणे ज्वारीचा व्यापार करून पाहिला आणि त्यात खोट खाल्ली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या टप्प्याचे काम घेतले. पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, विमानाचा कारखाना, जहाजबांधणी आणि मोटारींचा कारखाना उभारणाऱ्या या उद्योगपतीची ठेकेदारीची सुरुवात अशी धाराशिवच्या मातीत झाली. या भागीदारीत पेढीचे शिक्षण कोठे पुरले आणि कोठे अपुरे पडले, हे पाहण्यासारखे आहे. भांडवल, पत आणि व्याजाचे भान वालचंदांनी पेढीवरून आणले. मातीकामाचे अंदाजपत्रक, मापे आणि रेल्वेच्या कचेरीची रीत फाटकांना माहीत होती. पेढीवर पैसा आधी मोजून मग दिला जातो. ठेक्यात मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते आणि बिल महिन्यांनी मिळते. हे अंतर भरून काढणाऱ्या पैशाला आजचे पुस्तक खेळते भांडवल म्हणते. त्याचा धडा वालचंदांना गादीवर मिळण्यासारखा नव्हता, तो रुळांच्या भरावावरच मिळाला.

मग शाळा या काळात काय करीत होती? संस्थानात वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलासाठी परक्या भाषेतून अंकगणित शिकणे हेच मोठे काम होते. लोहारा भागातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे अध्यापक होते. तिने स्वाभिमानी पिढी घडविली, पण अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. हिशेब शिकायचा तर पेढी, आणि पेढी नसेल तर काहीच नाही, अशी एकूण परिस्थिती होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत पेढीच्या विद्येचा पायाच सरकला. हाली सिक्का चलनातून गेला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला. मोडी शाळेतून आणि हळूहळू वहीतूनही गेली. ज्या मुलाने औटकीचा पाढा पाठ केला होता त्याचे वर्चस्व पाच-सहा वर्षांत संपले. दशमान पद्धतीने केलेली ही समता फारशी कोणी वाखाणलेली नाही, पण कुळवाड्याच्या आणि बलुतेदाराच्या मुलासाठी ती पुष्कळ कायद्यांहून मोलाची ठरली. शंभराचा हिशेब ज्याला येतो त्याला बाजाराचा हिशेब येऊ शकतो, अशी स्थिती प्रथमच निर्माण झाली.

शाळेने ही संधी मात्र लगेच घेतली नाही. १९७५ मध्ये दहावीची नवी शालान्त परीक्षा सुरू झाली. पुस्तपालन व लेखाकर्म, चिटणिसाची कार्यपद्धती, वाणिज्य संघटन हे विषय अकरावीच्या वाणिज्य शाखेत गेले. ग्रामीण भागात असंख्य मुलांचे, त्याहून अधिक मुलींचे शिक्षण दहावीलाच थांबे. म्हणजे व्यवहाराचा विषय ज्या दारात उभा होता तेथपर्यंत ही मुले पोहोचतच नव्हती. या उणिवेवर काही जणांनी निराळे मार्ग शोधले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकले होते. १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत त्यांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमाचा मोबदला मोजावा, ही त्यामागची दृष्टी होती. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले गावातली खरीखुरी कामे पैसे घेऊन करतात आणि त्यापूर्वी साहित्य व मजुरी यांचा खर्च काढून दर सांगतात. वेल्डिंगइतकेच हे दरपत्रक हाही तेथील अभ्यासच होय.

सर्वसाधारण शाळांत याचे सौम्य रूप दिसते. राष्ट्रीय बचत संघटनेच्या 'संचयिका' योजनेत मुलेच खजिनदार आणि मुलेच खातेदार असत. स्काऊट-गाईडचा 'खरी कमाई' आणि शाळेतला आनंद बाजार तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. भेळ, धपाटे, सरबत यांची दुकाने लागतात, पाहुणे कौतुक करतात, आणि सायंकाळी मुले 'तीनशे रुपये नफा झाला' असे सांगतात. तो नफा बहुधा नफा नसतोच. पीठ, तेल, गॅस घरचे असते आणि आईचे श्रम कोणी मोजलेले नसतात. हातात आलेली सगळी रक्कम ही केवळ विक्री आहे, हे त्या सायंकाळी कोणी समजावून सांगितले नाही तर आनंद होतो, बाजार मात्र शिकला जात नाही.

२०१८ पासून दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आले. त्यात वस्तू व सेवा कर, शेअर, दलाली, म्युच्युअल फंड यांची उदाहरणे आहेत. नववीच्या पुस्तकात बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर आहे. ज्या जिल्ह्यात आकडा उपरण्याखाली सांगितला जात होता तेथे करआकारणीचे बीजक मागासवर्गीय वस्तीतल्या मुलीच्या वहीत आले, हा बदल इतिहासात नोंदवावा असा आहे. उणीव आहे ती उदाहरणांच्या निवडीत. धाराशिवच्या मुलाने शेअर दलाल क्वचितच पाहिलेला असतो. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती खव्याची भट्टी.

भूम, वाशी, कळंब या तालुक्यांत खव्याचा उद्योग मोठा आहे. कुंथलगिरीस जाणारा प्रत्येक यात्रेकरू तेथील पेढा जाणतो आणि २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. धंद्याची जवळजवळ सारी मूलतत्त्वे या एका भट्टीत दाखविता येतात. एक किलो खव्यास सुमारे पाच लिटर दूध लागते. समजा, दूध चाळीस रुपये लिटर, म्हणजे दोनशे रुपये. सरपणाचे वीस आणि मजुरीचे वीस धरले तर किलोमागे खर्च दोनशे चाळीस. खवा दोनशे साठला गेला तर नफा वीस रुपये. सरपण घरचे आणि राबणारी आई, म्हणून ते दोन्ही सोडून दिले तर हाच नफा साठ रुपये दिसू लागतो, आणि साठ रुपये सुटतात या समजुतीवर भाव पंचवीस रुपयांनी उतरवून दिला की घर प्रत्येक किलोमागे पाच रुपये गमावते. व्यापाऱ्याने पैसे महिन्याने दिले तर दुधाचे पैसे तोवर कोठून द्यायचे, हा खेळत्या भांडवलाचा प्रश्न. कढईचा तळ झिजतो, तो घसारा. उन्हाळ्यात दूध आटते आणि लग्नसराईत मागणी वाढते, तो भाव. दूध नासले तर ती जोखीम.

दुधाचा दर डेअरीच्या पावतीवर मिळतो, सरपणाचा वखारीवर, खव्याचा बाजारात. आईच्या चार तासांच्या कामाचा दर मात्र कोठेच छापलेला नसतो. तो मुलांना घरी बसून, तिलाच विचारून, मांडावा लागतो.